बाटलीच्या गळ्यात तणस

आमच्या एकोडीच्या घरात मासे आले ते एसटीने. आधी काचेची पेटी आली. ह्यांनी ती भंडाऱ्याच्या दुकानातून घेतली आणि साकोलीपर्यंत मांडीवर धरून आणली. कंडक्टरने म्हणे विचारलं, "हिचं अर्धं तिकीट फाडू का?" ह्यांना तो अपमान वाटला. घरी आल्यावर पाणी प्यायच्या आधी त्यांनी मला तो अपमान सांगितला आणि मी हसले, तर तो दुसरा अपमान झाला.

'हे' म्हणजे माझे यजमान. तालुक्याच्या कचेरीत कारकून आहेत आणि अधूनमधून त्यांना छंद लागतो. पेटीच्या आधी पेटी वाजवायचा छंद होता, म्हणजे हार्मोनियमचा. तो शेजाऱ्यांनी हात जोडल्यामुळे संपला. त्याच्या आधी व्यायामाची सायकल होती. तिच्यावर आजही आमचे टॉवेल फार छान वाळतात. त्यामुळे मासे आले तेव्हा मी मनातल्या मनात चार महिने धरले होते. माझा अंदाज चुकला. मासे टिकले, आणि माशांबरोबर त्यांची औषधंही टिकली.

माझे सासरे तेव्हा पंचाहत्तरीला टेकले होते. अजूनही रोज सकाळी बांधीत जायचे. बांधी म्हणजे आमच्याकडचं धानाचं बांध घातलेलं शेत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, आम्ही शंभरदा सांगितलं. त्यांचं उत्तर ठरलेलं. "रोवनी होऊ दे, मंग पाहू." रोवणी, म्हणजे लावणी, झाली की कापणी, कापणी झाली की चुरणी, म्हणजे मळणी, आणि मग पुन्हा तलावात पाणी किती आहे ते बघायला जायचं असायचं. तोवर घरातल्या वस्तू त्यांना दिसायच्या कमी आणि कळायच्या जास्त, तेही हाताने. तांब्या, काठी, चुन्याची डबी, सगळं बोटांनी चाचपून घ्यायचे आणि कधी चुकायचे नाहीत. आपण चुकत नाही याचा त्यांना अभिमानही होता.

त्यांनी काचेच्या पेटीला नाक लावून मासे बघायचा प्रयत्न केला. मग म्हणाले, "किती मोठे हायेत?"

मी बोटाचं पेर त्यांच्या हातात धरून दाखवलं.

"एवढुशा मासोळीची त वाटीभर भाजीबी नाई होनार," ते म्हणाले. "कायले आनल्या मंग?"

ह्यांनी पेटीतला दिवा लावला. अडचणीत सापडले की हे तेवढंच करतात.

आता औषधांकडे येते. माशांना इतकी औषधं लागतात हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या तलावातल्या मासोळ्या पिढ्यान्‌पिढ्या औषधावाचून वाढल्या, पण हे नाजूक पाहुणे. बुरशीसाठी निळं औषध. पांढऱ्या ठिपक्यांसाठी फॉर्मालीन. पाणी आंबट करायचं तर आम्लाची बाटली. आणि एक पुडी पोटॅशियम परमँगनेटची, जिला गावात सगळे विहिरीतली लाल दवाई म्हणून ओळखतात. हे सगळं ह्यांनी कुठे ठेवलं असेल? फ्रिजच्या दारात. दह्याच्या खाली, कैरीच्या लोणच्याच्या शेजारी. कारण म्हणे बाटलीवर 'थंड जागी ठेवा' असं लिहिलेलं होतं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. वीस वर्षं झाली. आम्ल कुठे ठेवायचं, कशाशेजारी ठेवायचं नाही, बाटली बदलायची नाही, हे मी दरवर्षी नव्या पोरांना इतक्यांदा सांगितलंय की माझ्या वर्गात झोपलेलं पोरही ते झोपेत म्हणू शकेल. आणि माझ्याच फ्रिजमध्ये लोणच्याला टेकून फॉर्मालीन! मी त्या दिवशी जे बोलले ते इथे लिहीत नाही. ह्यांनी घाईघाईने बाटल्या काढल्या, त्यात निळ्या औषधाचं झाकण निसटलं, आणि दहाही बोटं निळी झाली. दुसऱ्या दिवशी कचेरीत सगळ्यांनी विचारलं की एकाच निवडणुकीत किती वेळा मत देऊन आलात. आठवडाभर रंग गेला नाही. मला वाईट वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं.

त्या दिवसापासून औषधं माझ्या ताब्यात आली. मासे ह्यांचे, औषधं माझी, आणि तक्रारी सासूबाईंच्या, अशी वाटणी झाली.

मी काम पुस्तकासारखं केलं. माझ्या लग्नातली लोखंडी पेटी रिकामी केली आणि मधल्या खोलीत, उन्हापासून आणि चुलीपासून लांब ठेवली. आत दोन वेगळे डबे. लाल दवाई एकात आणि फॉर्मालीन दुसऱ्यात, कारण ती दोघं एकत्र आली की भडकतात. आम्ल तिसऱ्या कोपऱ्यात, स्टीलच्या नाही, प्लास्टिकच्या घमेल्यात. पेटीला कुलूप. प्रत्येक बाटलीवर पांढरा कागद चिकटवून वर ठळक अक्षरात 'विष' आणि खाली कवटी काढली. चित्रकला माझा विषय नव्हे. कवटी जरा हसरी आली.

सासूबाई माझ्या मागे उभ्या राहून बघत होत्या. त्यांना वाचता येत नाही. डावखुऱ्या आहेत, त्यामुळे शाळेत पहिल्याच दिवशी मास्तरांनी पाटीवर हात बदलायला सांगितलं आणि त्या ज्या उठून घरी आल्या त्या परत गेल्या नाहीत. हा किस्सा त्या फार तोऱ्यात सांगतात, आणि मास्तरीण सून आल्यावर तर जास्तच.

"हे कोन हाये?" त्यांनी बाटलीकडे बोट केलं.

"कवटी आहे, आई. म्हणजे धोका. हात लावायचा नाही."

त्यांनी वाकून नीट पाहिलं. "मंग हासून काहून राह्यली?"

मी पुढच्या बाटलीला कागद चिकटवायला घेतला. त्या पुढे म्हणाल्या, "बरं, तुले वाचता येते, तुह्या नवऱ्याले येते. मले हे हासनं समजते. पन बाबाले काय दिसनार हाये?"

"बाबांना ही पेटी उघडायचं कामच काय? कुलूप आहे ना."

"किल्ली कुठं ठेवशीन?"

किल्ली मी कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली, जिथे घरातल्या सगळ्या किल्ल्या असतात. सासूबाईंनी खिळ्याकडे बघितलं आणि त्या आत गेल्या. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, कारण मग मला भांडता आलं असतं.

पुढच्या आठवड्यात पेटी उघडली तर प्रत्येक बाटलीच्या गळ्यात तणस बांधलेली. तणस म्हणजे धान झोडल्यावर उरतो तो पेंढा. दोनतीन काड्या वळून, बाटलीला दोन फेरे देऊन, घट्ट गाठ. पेटीच्या तळाशी भुसा पडलेला.

मला ती गाठ ओळखीची होती. आमच्या कोठ्यात, म्हणजे बैलांच्या गोठ्यात, आढ्याला एक पत्र्याचा डबा टांगलेला असतो. त्यात धानावर फवारायची औषधं. त्यातल्या प्रत्येक बाटलीच्या गळ्यात अशीच तणस. बांधीत चिखलाचे हात, वरून पाऊस, कागदाची चिठ्ठी पहिल्याच दिवशी गळून जाते, आणि मजुरांना वाचता येईलच असं नाही. म्हणून सासऱ्यांनी तरुणपणी हा कायदा केला. ज्याच्या गळ्यात तणस, ते तोंडात जायचं नाही. घरातल्या बायामाणसांना, सालदाराला, येणाऱ्याजाणाऱ्याला त्यांनी तो शिकवला. मला लग्नानंतर पहिल्याच पावसाळ्यात सांगितला होता. मी मान डोलावली होती आणि मनात म्हटलं होतं, चला, अडाणी माणसांची एक सोय.

पण माझ्या पेटीत? माझ्या कागदी चिठ्ठ्यांवर? मला राग आला. मी कात्रीने सगळ्या गाठी कापल्या, पेटी झाडली आणि पुन्हा कुलूप लावलं.

पुढच्या आठवड्यात परत तणस.

या वेळी मी बोलले. "आई, रसायनांजवळ वाळलेला पेंढा ठेवत नाहीत. एकावर सांडलं तर पेट घेईल." हे खरं होतं, पण मी ते खरं आहे म्हणून बोलले नव्हते. मला त्यांना हरवायचं होतं.

"मंग सांडू नको," त्या म्हणाल्या.

असं तीन वेळा झालं. त्यांनी बांधायची, मी सोडायची. ह्यांनी एकदा मध्ये पडून बघितलं आणि दोघींनी मिळून त्यांना असं काही गप्प केलं की ते पेटीतला दिवा लावून बसले. चौथ्यांदा मी तणस पाहिली आणि कंटाळून तशीच ठेवली. आपण जिंकलो असं त्यांना वाटू दे, मी ठरवलं. मोठेपणाच होता तो माझ्या मते.

मग पावसाळा लागला आणि पेटीतल्या माशांना पांढरे ठिपके आले. अंगावर कोणी साखर भुरभुरावी तसे. ह्यांचा चेहरा बघवेना. मी उपचार हातात घेतला. फॉर्मालीनची मूळ बाटली मोठी, तपकिरी, काचेची. रोज तिच्यातून थेंब मोजून घेणं जिकिरीचं. तर मी काय केलं? पाण्याची एक रिकामी प्लास्टिकची बाटली घेतली, स्वच्छ, पारदर्शक. तिच्यात फॉर्मालीन पाण्यात पातळ करून भरून ठेवलं. वर चिठ्ठी चिकटवली. मी, जी पोरांना वीस वर्षं सांगते की बाटली बदलायची नाही, तिने बाटली बदलली. तेही पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत. मनात एकच विचार होता, माझ्यावर कसली वेळ येणार आहे, मला सगळं कळतं.

ती बाटली मी पेटीत ठेवली. दोन दिवसांत तिच्या गळ्यातही तणस आली. मी पाहिली आणि चिडायचंही विसरले.

रोवणीचे दिवस होते. रविवार होता, म्हणून मी घरी. दुपारी मी माशांना औषध द्यायला बाटली बाहेर काढली आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली. तेवढ्यात ह्यांनी काचेच्या पेटीजवळून हाक मारली की एक मासा उलटा झालाय. मी धावले. मासा उलटा नव्हता, आळशी होता. तो सरळ होईपर्यंत आम्ही दोघं काचेला नाक लावून बसलो.

ओट्यावर आमच्या पिण्याच्या बाटल्या ओळीने भरून ठेवलेल्या असतात. ही शिस्त माझीच. आणि दुसरी शिस्तही माझीच, की बाटलीला तोंड लावायचं नाही. उष्टं होतं, जंतू पसरतात. डोकं मागे टाकायचं, बाटली वर धरायची आणि धार थेट घशात सोडायची. सासूबाईंना हे आधीपासून जमायचं. सासऱ्यांना मी बोलून बोलून शिकवलं होतं. आता विचार करते तेव्हा कळतं. त्या पद्धतीने पिताना ओठाला चव लागत नाही, नाकाशी वास येत नाही. धार घशात गेली की गेली.

मी मागे वळले ते झाकणाच्या आवाजाने. सासरे बांधीतून आले होते. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर ओलं गोणपाट. चार दिवसांच्या सर्दीने नाक चोंदलेलं. ओट्यावरची सर्वांत जवळची बाटली त्यांनी घेतली होती. झाकण उघडून उजव्या हातात धरलं होतं. डोकं मागे टाकलं होतं, तोंड उघडलं होतं, आणि डाव्या हाताने बाटली वर उचलली होती. कागदाची चिठ्ठी दमट हवेने सुटून ओट्याला चिकटली होती, आणि हसरी कवटी छताकडे बघत होती.

मला ओरडायचं होतं.  भर वर्गात पन्नास पोरांवर चालणारा माझा आवाज, तो कुठे गेला मला आजही कळलेलं नाही.

बाटली कलली नाही. ती हवेत थांबली. त्यांचा अंगठा बाटलीच्या गळ्यावर पुढे गेला, मागे आला. मग हळूच त्यांनी हात खाली घेतला. बाटली ओट्यावर ठेवली, झाकण चाचपून लावलं, पीळ घट्ट केला. आणि शांतपणे विचारलं, "याच्यात दवाई हाये का?"

 मी तिथेच खाली बसले. हे धावत आले आणि त्यांनी आधी मला सांभाळावं की बाबांना, हे न कळून दोघांच्या मध्ये उभे राहिले.

सासूबाई दारात होत्या. सगळं त्यांनी पाहिलं होतं. आता त्या बोलतील, मी म्हटलं. बोलू दे. 'तीन वेळा सोडलीस, बघ.' हे ऐकायची माझी तयारी होती. खरं म्हणजे मला ते ऐकायचंच होतं.

सासऱ्यांनी विचारलं, "तनस कोनं बांधली?"

"कोन बांधनार?" सासूबाई म्हणाल्या. "सूनबाईनं."

मी वर पाहिलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. पाण्याचा तांब्या भरून त्यांनी सासऱ्यांच्या हातात दिला.

"शिकलेली हाये जी पोरगी," सासरे तांब्या तोंडाला लावून म्हणाले. त्या दिवशी मी उष्टं म्हटलं नाही.

रात्री मी सासूबाईंजवळ जाऊन बसले. माफी मागायची होती, पण मला ती नीट येत नाही. मी म्हटलं, "आई, तुम्ही माझं नाव का सांगितलं?"

"मंग काय सांगू? तू सोडत होती म्हनून सांगू?" त्या लसूण सोलत होत्या. "उद्यापासून तू बांध. मले सारखं वाकनं होत नाई."

मी रडले. त्यांनी लसणाचं तबक माझ्याकडे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी मी ती प्लास्टिकची बाटली रिकामी करून भोकं पाडून फेकली. सगळी औषधं आपापल्या मूळ बाटल्यांत राहिली. लोखंडी पेटी घराबाहेरच्या खोलीत गेली, जिथे खाण्यापिण्याचं काही नसतं, आणि किल्ली खिळ्यावरून माझ्या गळ्यातल्या साखळीत आली. तणस कुठे बांधायची यावर दोघींचा करार झाला. गळ्यातच, पण काडी सुटणार नाही अशी, आणि आम्लाच्या बाटलीला तणसाऐवजी सुतळी. त्यांनी ते मान्य केलं, पण माझ्या गाठी तपासायचा हक्क सोडला नाही. दर आठवड्याला येऊन बोटाने ओढून बघायच्या. "ढिल्ली हाये." मी सोडून पुन्हा बांधायची. शाळेत शिक्षणाधिकारी येतात तेव्हा मी इतकी घाबरत नाही.

आणि सासरे? त्यांनी गावभर केलं. पानठेल्यावर, सोसायटीत, सानगडीच्या बाजारात भाजी घेताघेता. "आमची सून विज्ञानाची मास्तरीन, पन तनस बांधते. दोन्ही समजते तिले." लोक मला रस्त्यात थांबवून कौतुक करायचे. मी हो हो म्हणायचे आणि घाम पुसायचे. शाळेच्या प्रयोगशाळेतही मी बाटल्यांना तणस बांधली. मुख्याध्यापक हसले, म्हणाले, बैल येणार आहेत का तपासणीला. मी म्हटलं, तुम्ही आला आहात ना. त्यानंतर ते हसले नाहीत.

त्याच वर्षी कापणी झाल्यावर सासऱ्यांनी न कुरकुरता दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. काळा चष्मा लावून घरी आले आणि सगळ्यात आधी काचेच्या पेटीपाशी बसले. बराच वेळ मासे बघितले. "रंग चांगला हाये," म्हणाले. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. छंदाला मिळालेली ती पहिली शाबासकी होती.

मग म्हणाले, "ती दवाईची पेटी दाखव."

मी कुलूप काढलं. त्यांनी एकेक बाटली उचलून डोळ्यांजवळ धरली. कवटीपाशी थांबले. "हे कोन हाये? हासून काहून राह्यलं?"

मी सांगितलं. ते हसले. मग चष्मा कपाळावर सरकवला, डोळे मिटले आणि बाटलीच्या गळ्यावरून अंगठा फिरवला.

"हे तुही गाठ," ते म्हणाले.

"हो, बाबा."

"पीळ उजवा हाये. त्या दिवशी पीळ डावा होता." अंगठा थांबला होता. "पन्नास वर्षं झाली, तिची गाठ मले अंधारातबी समजते."

 मी विचारलं, "मग तुम्ही गावभर माझं नाव का सांगत फिरलात?"

"मंग?" त्यांनी बाटली तिच्या डब्यात, लाल दवाईपासून लांब, बरोबर जागेवर ठेवली. "बांधाले लागली ना तू."